लोणारचे विवर, वेगाची ऊर्जा आणि अवकाशाचा वेध

उन्हाळ्याच्या तोंडी भरलेल्या ग्रामसभेत पाणीटंचाईचा विषय निघाला आणि टँकरच्या खेपांवरून बोलणे वाढले, की मागच्या बाजूने कोणीतरी हमखास म्हणतो, "चंद्रावर यान उतरवता येते, पण आमच्या वस्तीवर पाणी उतरवता येत नाही!" सभा हसते आणि व्यासपीठावरील मंडळी पुढच्या विषयाकडे वळतात. वास्तविक हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा, हे विचारण्याचा ग्रामस्थांना पूर्ण अधिकार आहे. सरपंच, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्याजवळ त्याचे सरळ व प्रामाणिक उत्तर असले पाहिजे.

या उत्तराची सुरुवात करण्यास बुलढाणा जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. इतर जिल्ह्यांतील लोकांना अवकाशाकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागते, बुलढाण्यात ती खाली करावी लागते. अवकाशातून आलेला एक पाषाण याच जिल्ह्यात येऊन आदळला आणि त्याने केलेला घाव लोणार येथे आजही उघडा आहे.

काठावरून दिसणारे दृश्य

मेहकरकडून लोणारला येताना जमीन बरीचशी सपाट लागते. कपाशी, सोयाबीन, तूर यांची शेते मागे पडतात आणि पुढे काही विशेष पाहावयाचे आहे याची कल्पनाही येत नाही. मग जमीन थोडी चढते. हा चढ म्हणजे विवराचा उंचावलेला काठ होय. भोवतालच्या शिवारापेक्षा तो सुमारे २० मीटर उंच आहे. काठावर उभे राहिले की पायाखाली जवळजवळ वर्तुळाकार असे सुमारे १.८ कि.मी. व्यासाचे आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असे विवर एकदम उघडते. तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर, त्याच्या कडेने झाडी, झाडीत कमळजा देवीचे व इतर प्राचीन मंदिरे आणि काठाजवळच धारेचे गोड पाणी, असा हा देखावा आहे.

लोकांनी या विवराचा अर्थ आपल्या परीने फार पूर्वीच लावला होता. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालील विवरात दडून बसला होता. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने त्याचा वध केला. त्या वेळी विवराचे झाकण उडून दूर ढाकेफळजवळ जाऊन पडले, अशी कथा आहे. दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर लोणार गावात आहे. कथेला विज्ञान ठरविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण येथे काहीतरी प्रचंड घडले, आतले बाहेर फेकले गेले आणि मागे खारे पाणी उरले, एवढे निरीक्षण कथाकाराच्या नजरेतून सुटलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'तही या भागात काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आहे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी येथील क्षारांची प्रतवारी केली जात असे.

दीडशे वर्षांचा वाद

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीड शतक भूवैज्ञानिकांची समजूत अशी होती, की हे ज्वालामुखीचे मुख असावे किंवा भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने जमीन उडून गेली असावी. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. लोणारच्या आसपासचा सारा मुलूख ज्वालामुखीच्या शिलारसातून बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. तो काळा पाषाण म्हणजेच बेसाल्ट. अशा प्रदेशात वाटोळा खड्डा दिसला, तर तो ज्वालामुखीचाच असणार असे कोणासही वाटेल.

अडचण एवढीच होती, की ज्वालामुखीच्या मुखातून बाहेर पडलेला ताजा लाव्हा येथे कोठेच आढळत नाही. विवराच्या भिंतीत पाच-सहा जुने थर एकावर एक दिसतात. काठाजवळ ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. काठाबाहेरच्या शेतांत फुटक्या दगडांचा एक मिसळ थर पसरलेला आहे. आतून जोराने उसळून बाहेर पडलेला हा माल होय.

निर्णय लागला तो १९७३ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून विवराच्या तळात वेधन केले, काठावर चर खोदले आणि मिळालेल्या दगडांची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा केली. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दगडातील फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिकरूप मोडून त्याची काच झालेली त्यांना आढळली. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती तयार होण्यास वातावरणाच्या काही लाख पट दाब क्षणार्धात पडावा लागतो. असा दाब कोणताही ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. तो फक्त अवकाशातून प्रचंड वेगाने येणाऱ्या पाषाणाच्या आघातानेच निर्माण होतो.

मॅस्केलिनाइटची कथाही सांगण्यासारखी आहे. हे द्रव्य प्रथम ओळखले गेले ते १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे आकाशातून पडलेल्या एका अशनीत. तो अशनी मंगळावरून उडालेला दगड होता, हे पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९८० नंतरच्या दशकात, लक्षात आले. मंगळावर केव्हातरी आघात झाला, तेथील दगड उडाला, फिरत फिरत बिहारच्या शेतात पडला आणि त्यातील काचेने लोणारचे कोडे सोडविण्यास मदत केली.

१९७३ हे वर्षही योगायोगाचे नव्हते. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो यानांनी चंद्रावरून एकंदर ३८२ कि.ग्रॅ. दगड-माती आणली होती. आघाताने दगडाचे काय होते, हे त्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञ नुकतेच शिकले होते. लोणारच्या मातीतील बारीक काचमणी आणि चुऱ्याचे खडे यांचे जुळे त्यांना चंद्रावरील नमुन्यांत सापडले. याचे कारण सोपे आहे. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात, ती बेसाल्टचीच मैदाने आहेत. पृथ्वीवर आघाताची विवरे पुष्कळ आहेत. पण ती बहुतेक वालुकाश्मात, चुनखडीत किंवा ग्रॅनाइटसारख्या खडकांत आहेत. बेसाल्टमध्ये झालेली विवरे अगदी थोडी. ब्राझीलमध्ये एकदोन निश्चित झाली आहेत, पण ती झिजलेली आहेत. इतके सुस्थितीतील विवर लोणारचेच. म्हणून चंद्र व मंगळ यांवरील विवरांचा अभ्यास करू इच्छिणारे लोणारला येतात. चंद्रावर जाऊन आल्यामुळे लोणार कळले, आणि लोणार हाताशी असल्यामुळे चंद्र अधिक कळतो आहे.

विवराच्या वयाबाबत मात्र एक सावधगिरी शिक्षकांनी बाळगावी. सुमारे ५० हजार वर्षे हा आकडा पुस्तकांत वर्षानुवर्षे दिला जात आहे. २०१० नंतर प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दाखविले. दोन आकड्यांत दसपटीहून अधिक अंतर आहे. विद्यार्थ्यांना दोन्ही आकडे सांगावेत आणि मापनाची पद्धत बदलली की उत्तर कसे बदलते तेही सांगावे. एकच आकडा पाठ करून घेण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे.

वेग दुप्पट, घाव चौपट

हा पाषाण केवढा असावा? अंदाज एकसारखे नाहीत, परंतु विवराच्या मानाने तो फारच लहान होता याबद्दल दुमत नाही. एवढ्याशा दगडाने पावणेदोन कि.मी. रुंदीचे विवर कसे पाडले, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर वेगात आहे.

चालत्या वस्तूच्या अंगी जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. वजन दुप्पट केले तर ती दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. हा नियम समजण्यासाठी आकाशात जाण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणाऱ्या मोटारीपेक्षा ताशी १२० कि.मी. वेगाच्या त्याच मोटारीच्या अंगी चौपट ऊर्जा असते. ती थांबविण्यासाठी ब्रेकला चौपट काम करावे लागते आणि ती आदळली तर चौपट नाश होतो. वेग "फक्त दुप्पट" केला असे म्हणणारा चालक हिशेबात चुकतो, आणि ही चूक पुष्कळांच्या जिवावर बेतली आहे.

आता अवकाशातील पाषाणाचा हिशेब करू. असे पाषाण पृथ्वीवर सेकंदाला साधारण २० कि.मी. वेगाने येतात. महामार्गावरील मोटारीच्या हा ६०० पट वेग झाला. म्हणून त्यातील प्रत्येक किलोग्रॅमच्या अंगी मोटारीच्या एका किलोग्रॅमपेक्षा ६०० गुणिले ६००, म्हणजे ३ लाख ६० हजार पट ऊर्जा असते. खाणीत वापरल्या जाणाऱ्या जहाल स्फोटकाच्या एका किलोग्रॅममध्ये जेवढी ऊर्जा असते, तिच्या चाळीस पटींहून ती अधिक आहे. असा पाषाण जमिनीत रुतून बसत नाही. तो आणि त्याखालची जमीन क्षणात फुटते, वितळते, काही अंशी वाफ होऊन जाते. लोणारला मोठा उल्कापाषाण पुरलेला असेल या आशेने पुष्कळांनी चौकशी केली आहे. असा पाषाण तेथे मिळत नाही, याचे कारण हेच. लोणारचा पाषाण तिरकस, बहुधा पूर्वेच्या बाजूने आला असावा असे संशोधकांचे अनुमान आहे. तरीही विवर वाटोळे झाले. खड्डा पाडला तो दगडाच्या आकाराने नसून स्फोटाने, आणि स्फोट चोहोबाजूंना सारखाच पसरतो.

गतीची ही ऊर्जा कोठे जाते, हा प्रश्न एकदा मनात धरला की तो आपल्याला अनपेक्षित ठिकाणी नेतो. लोणारला ती खडक फोडण्यात गेली. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरणाऱ्या मोटारीची ऊर्जा ब्रेक तापविण्यात जाते. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली की जळका वास येतो, तो फुकट गेलेल्या डिझेलचाच वास होय. ही ऊर्जा परत मिळविता आली तर?

चंद्रावरील मोटार आणि उन्हाची शर्यत

जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ च्या प्रवाशांनी चंद्रावर मोटार चालविली. पुढील वर्षी आणखी दोन मोटारी तेथे गेल्या. तिन्ही आजही चंद्रावरच उभ्या आहेत. ही मोटार पेट्रोलवर चालणे शक्यच नव्हते. इंधन जाळण्यास हवा लागते आणि चंद्रावर हवा नाही. म्हणून ती विजेवर चालणारी केली. पृथ्वीवर सुमारे २१० कि.ग्रॅ. भरणाऱ्या या गाडीच्या चारही चाकांना स्वतंत्र विद्युत् मोटर होती. चाके रबराची नव्हती. ती तारेच्या जाळीची विणलेली होती. वीज चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांतून मिळे. अपोलो १७ च्या प्रवाशांनी अशा गाडीतून तीन फेऱ्यांत मिळून सुमारे ३६ कि.मी. प्रवास केला. धूर न सोडणारी मोटार केवळ शोभेची वस्तू नाही, ती खडबडीत जमिनीवर माणसे आणि सामान वाहू शकते, हे यावरून सर्वांना दिसले.

सोळा वर्षांनी हीच विद्या पृथ्वीवर शर्यतीत उतरली. नोव्हेंबर १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात उत्तरेच्या डार्विनपासून दक्षिणेच्या ॲडिलेडपर्यंत, सुमारे तीन हजार कि.मी. अंतराची सूर्यप्रकाशावरील मोटारींची पहिली जागतिक शर्यत झाली. जिंकणाऱ्या 'सनरेसर' गाडीने ताशी सरासरी सुमारे ६७ कि.मी. वेग राखला. तिच्या पाठीवरील सौरघट कृत्रिम उपग्रह बनविणाऱ्या कंपनीकडून आले होते आणि पोटातील बॅटरी चंद्रावरील मोटारीप्रमाणेच चांदी-जस्ताची होती.

विदर्भातील वाचकांना शर्यतीचा उपयोग समजावून सांगावा लागणार नाही. शंकरपटावर जोडी उतरली की तिची ताकद, तिची चाल आणि धुरकऱ्याचे कसब यांची खरी परीक्षा होते. गोठ्यात बांधलेल्या बैलाचे गुण पटावर कळतात. यंत्राचेही तसेच आहे. २०१४ मध्ये बीजिंग येथे विजेवरील मोटारींच्या 'फॉर्म्युला ई' शर्यतींना प्रारंभ झाला, तेव्हा बॅटरी इतकी अपुरी पडे, की शर्यतीच्या मध्यावर चालक एक गाडी सोडून दुसरीत बसत. पाहणाऱ्यांनी त्याची थट्टाही केली. २०१८-१९ च्या हंगामापासून जवळजवळ दुप्पट साठ्याची बॅटरी आली आणि एकाच गाडीत शर्यत पुरी होऊ लागली. आपल्या देशातील महिंद्र कंपनीचा संघ पहिल्या हंगामापासून या शर्यतींत आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी भारतातील पहिली अशी शर्यत झाली. पुढच्या वर्षीची मात्र रद्द झाली.

या गाड्यांचे मर्म ब्रेकमध्ये आहे. चालकाने वेग कमी केला की चाके फिरविणारी मोटर उलट काम करू लागते, म्हणजे जनित्र बनते, आणि गतीची ऊर्जा उष्णतेत वाया न जाता बॅटरीत परत येते. नव्या गाड्यांत शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के अशा रीतीने परत मिळते असे संयोजक सांगतात. जो अधिक वेळा जोरात पळवितो तो येथे जिंकत नाही. कोठे सोडावे आणि कोठे वाचवावे हे ज्याला कळते तो जिंकतो. राज्य परिवहन महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरील बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. विजेवरील बसमध्येही तत्त्व हेच. घाट उतरताना अशी बस आपल्याच वजनातून थोडी वीज कमावते.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. अशा शर्यतींना सरसकट "प्रदूषणमुक्त" म्हणणे बरोबर नाही. गाडी धूर सोडत नाही. पण गाड्या, सुटे भाग आणि माणसे जगभर वाहून नेण्यात जे इंधन जळते ते कोणाच्या तरी हिशेबात धरावेच लागते. शिवाय वीज कोठून आली हे पाहिले पाहिजे. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र आहे. कोळशाच्या विजेवर मोटार चालविली, तर धूर नाहीसा होत नाही, तो बुलढाण्याऐवजी पारसला निघतो. उन्हावर चालणारी गाडी आणि कोळशाच्या विजेवर चालणारी गाडी यांतील हा फरक मुलांना जरूर सांगावा.

शिवारापर्यंत काय पोहोचले

अवकाश संशोधनाची बाजू मांडताना काही वक्ते उत्साहाच्या भरात चुकीचे दाखले देतात. न चिकटणाऱ्या तव्यावरील टेफ्लॉन चांद्रमोहिमेतून आले, असे पुष्कळदा ऐकू येते. प्रत्यक्षात त्याचा शोध १९३८ चा आहे. खरे दाखले भरपूर असताना अशा दाखल्यांची गरज नाही.

पहिला दाखला सौरघटाचा. त्याचा शोध १९५४ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत लागला, पण तो इतका महाग होता की त्याला गिऱ्हाईकच नव्हते. मार्च १९५८ मध्ये 'व्हॅनगार्ड १' या छोट्या उपग्रहावर तो बसविण्यात आला आणि आकाशात त्याला पर्याय नसल्यामुळे पुढील काळात त्यात सतत सुधारणा होत गेल्या. त्या घटाची आजची पिढी शेतातील सौरपंपावर आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली, की अंधारात, साप-किरड्यांच्या आणि रानडुकरांच्या भीतीने ओलिताला जावे लागते. हा अनुभव या जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवा नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केली. पंपाची क्षमता, विहिरीचे पाणी, पटलांची चोरी आणि दुरुस्ती यांविषयीच्या तक्रारी असतील, तर त्या ग्रामसभेत मांडल्या गेल्या पाहिजेत. तथापि दिवसा ओलीत होणे ही सोय थोडी नव्हे.

दुसरा दाखला पाण्याचा. या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र सारखे नसते. ते खडकातील भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. अशा लांबच लांब भेगा जमिनीवर उभे राहून दिसत नाहीत. वरून पाहिले तर नाल्याचे सरळ गेलेले पात्र, हिरवळीची रेघ यांवरून त्या ओळखू येतात. मार्च १९८८ मध्ये 'आय.आर.एस. १-ए' हा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह सोडण्यात आला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. उपग्रहाच्या चित्रांवरून भूजलाच्या शक्यतेचे नकाशे तयार झाले. नकाशा म्हणजे पाणी नव्हे, हे खरे. तो फक्त कोठे खोदणे शहाणपणाचे आणि कोठे पैसा मातीत घालणे, हे सांगतो. जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला, खारपाण पट्टा आहे. तेथे खोल गेले म्हणून गोड पाणी लागत नाही. अशा ठिकाणी विहिरीऐवजी शेततळे घ्यावे की बाहेरून नळयोजना आणावी, हा निर्णय नकाशा पाहून घेणे केव्हाही चांगले.

ग्रामसभेतील त्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. यान आणि टँकर एकमेकांच्या वाट्याचे पैसे खात नाहीत. २०२४-२५ या वर्षी केंद्र शासनाच्या अंदाजपत्रकात अवकाश विभागासाठी सुमारे १३ हजार कोटी रुपये होते; एकूण खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे हे सत्तावीस पैसे होतात. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. वस्तीवर पाणी न येण्याचे कारण ते सत्तावीस पैसे नाहीत. बहुधा कारण असे असते, की आकाशातून आलेला नकाशा कार्यालयाच्या कपाटातच राहतो आणि विहिरीची जागा मात्र दुसऱ्याच कोणत्या तरी हिशेबाने ठरते. हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. मृद्-जलसंधारणाच्या कामाचा ठराव घेण्यापूर्वी सदस्यांनी आपल्या गावाचा भूजल नकाशा मागून घ्यावा, समजावून घ्यावा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. २०१६ मध्ये रोजगार हमीच्या कामांची छायाचित्रे स्थळाच्या अक्षांश-रेखांशासह नोंदविण्याची पद्धत सुरू झाली, तीही उपग्रहांच्याच आधारावर. शेततळे कागदावर आहे की शेतात, हे तपासण्याचे ते साधन आहे.

लोणारकडून काय शिकावयाचे राहिले

विवराच्या तळाशी असलेले सरोवर खारे तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. साबणाच्या पाण्यासारख्या या पाण्यात मासे जगत नाहीत. सूक्ष्म जीव मात्र विपुल आहेत. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा उसळली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की हा रंग क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा आहे. पाणी आटून खारेपणा वाढला तेव्हा त्यांची संख्या वाढली, आणि पाऊस झाल्यावर रंग ओसरला. मंगळावर एके काळी सरोवरे होती, काही बेसाल्टी विवरांत होती. तेथे जीव असलाच तर तो कसा असेल, याचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांना लोणारचे हे पाणी म्हणून महत्त्वाचे वाटते.

सन २००० मध्ये विवराचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत सरोवराचा समावेश झाला. मात्र यादीतील नावाने सरोवर राखले जात नाही. गावाचे सांडपाणी विवरात उतरणे, वेड्या बाभळीचा फैलाव, काठाजवळील बांधकामे हे विषय अनेक वर्षे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येत राहिले आहेत. गोड पाणी किंवा सांडपाणी प्रमाणाबाहेर आत गेले की क्षार पातळ होतात, सामू उतरतो आणि जे जीव फक्त त्या तीव्र पाण्यातच जगतात त्यांचे घर मोडते. सरोवराचे पाणी "शुद्ध" करावे, अशी सूचना अधूनमधून सद्हेतूने केली जाते. या सरोवराच्या बाबतीत तसे करणे म्हणजे ते नष्ट करणे होय.

लोणार परिसरातील शाळांनी एक प्रयोग अवश्य करावा. त्यास खर्च नाही. पसरट घमेल्यात चार बोटे बारीक वाळू भरावी, तिच्यावर गुलालाचा पातळ थर द्यावा आणि त्यावर पुन्हा पांढऱ्या पिठाचा थर पसरावा. कमरेच्या उंचीवरून काचेची गोटी सोडावी आणि पडलेल्या खड्ड्याचा व्यास मोजावा. मग डोक्याच्या उंचीवरून, मग बाकावर उभे राहून सोडावी. वेग वाढला की खड्डा कसा वाढतो, काठ कसा उंचावतो, खालचा गुलाल उडून वरच्या पिठावर कसा पडतो, हे मुलांनी वहीत काढावे. नंतर गोटी थोडी तिरकस फेकून पाहावी. मग त्याच मुलांना विवराच्या काठावर न्यावे आणि खालचा थर उडून वर पडलेला कोठे दिसतो ते शोधण्यास सांगावे.

तो थर काठाबाहेरच्या खाजगी शेतांतही पसरलेला आहे, आणि तोच सर्वांत झपाट्याने नाहीसा होत आहे. विवराची भिंत संरक्षित आहे. पण बाहेरच्या बाजूला विहीर, पाया किंवा रस्ता यांसाठी खोदकाम झाले, मुरूम म्हणून तो माल उचलला गेला, की चंद्रावरील मातीशी ताडून पाहण्याजोगा नमुना गाड्याच्या चाकाखाली जातो. शेतकऱ्याला त्याचे शेत खोदू नकोस असे कोणी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण लोणार व लगतच्या गावांच्या पंचायतींना एवढे करता येईल, की विहिरीचे वा रस्त्याचे काम काढण्यापूर्वी नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास पत्र पाठवावे. उघड्या पडलेल्या भिंतीचे माप, छायाचित्रे आणि थोडे नमुने घेण्यास एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी काम पुढे चालू करता येते.